सागवानी माडी घासल्यावर दिसणाऱ्या लाटा, गोल ओरखडे आणि खड्डे : सगळं परत घासायचं की जिथल्या तिथे दुरुस्ती?

कसबा_माडी
सोलापुरात दक्षिण कसब्यातल्या जुन्या घराची माडी आहे. खोली १४ × १८ फूट, सागाच्या फळ्या ७ ते ८ इंच रुंद, जाडी इंचभर. खाली कडीपाट उघडाच, म्हणजे ह्याच फळ्या खालच्या खोलीचं छत. जुनं काळं पडलेलं पॉलिश काढायला ठेकेदाराने ड्रमची मशीन (फिरत्या नळकांड्यावर घासकागद असलेली) लावली, भिंतीलगत एजर (कडा घासायची चकतीची मशीन) चालवला आणि टू-के पीयूचा (हार्डनर कालवून लावायचं पॉलियुरेथेन पॉलिश) पहिला हात दिला. सकाळी सगळं छान दिसतं. दुपारनंतर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आडवं आलं की चार गोष्टी डोळ्यांत भरतात.

खोलीच्या मध्यभागी फळ्यांवर आडव्या, सारख्या अंतराच्या लाटा. भिंतीपासून सहा-सात इंचांच्या पट्ट्यात अर्धगोल ओरखडे. दारापाशी मशीनच्या रुंदीचे दोन उथळ खड्डे. आणि खिडकीखाली, जिथे हातातल्या ऑर्बिटल सँडरने वरवर साफ केलंय, तिथे बारीक वेटोळी.

ठेकेदार म्हणतो दुसऱ्या-तिसऱ्या हातात झाकलं जाईल. खरं आहे का?

पटाशी
झाकलं जाणार नाही, दादा. पीयूचा एक हात सुकल्यावर जेमतेम ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे ०.०५ मिमी. तो खालच्या पृष्ठभागाला धरूनच बसतो, पाण्यासारखा सपाट होत नाही. उलट चकाकी वाढली की लाट जास्त दिसते. ग्लॉसऐवजी मॅट मारलं तर थोडं दबेल, पण उन्हाच्या तिरिपेत पुन्हा उघडं पडेल. दुसरा हात थांबवा. प्रत्येक हाताबरोबर काढायचा थर वाढतो आणि पैसेही.

चारही खुणा वेगवेगळ्या कारणांच्या आहेत, म्हणून औषधही वेगळं. आधी मोजा. लाटांचं अंतर मिमीमध्ये. खड्ड्याची खोली: एक मीटरची सरळ स्टीलची पट्टी फळीच्या लांबीत ठेवा आणि खाली फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा संच) सरकवा, गॅरेजवाल्याकडे मिळतो. रात्री दिवे बंद करून टॉर्च जमिनीला टेकवून धरा आणि दिसेल ते खडूने घेरून ठेवा. घासताना पेन्सिल वापरायची, खडू नाही. फळीवर नागमोडी रेघ मारायची, घासून ती सगळीकडून सारखी गेली म्हणजे कागद सगळीकडे पोचला. कुठे रेघ राहिली तर तिथे खळगा आहे.

जुळे_सोलापूर_वायरमन
मोजमापाबरोबर अजून एक तपासा. ड्रम मशीन कुठल्या प्लगवर चालवली होती? अशी मशीन साधारण दोन-सव्वादोन किलोवॅट ओढते. जुन्या घरात माडीवर १६ अँपिअरचा प्लग नसतो, मग खालून दीड चौ. मिमीची लांब वायर ओढतात. लोड आला की व्होल्टेज पडतं, ड्रम मंदावतो, चालवणाऱ्याची चाल मात्र तीच. दोन कापांतलं अंतर वाढतं आणि लाट उठते. मोटर तापते ते वेगळंच. किमान अडीच चौ. मिमी, पंधरा-वीस मीटरच्या पुढे चार चौ. मिमी, थेट मेन बोर्डापासून, अर्थिंगसह. वायर गुंडाळलेल्या अवस्थेत वापरू नका, पूर्ण उलगडा. गुंडाळीत उष्णता अडकते.

कसबा_माडी
मोजलं. लाटा ११ ते १२ मिमी अंतराने, जवळपास सगळीकडे एकसारख्या. दारापाशी एक खड्डा ०.३ मिमी, दुसरा ०.६. वायर बारीकच होती आणि बरीच लांब. शिवाय खोलीच्या मध्यावर उभं राहून टाच आपटली की फळ्या हलतात.

पटाशी
मग चित्र स्पष्ट आहे. हिशोब बघा: ड्रम मिनिटाला साधारण २,००० फेरे घेतो. मशीन मिनिटाला २०-२५ मीटर चालवली, म्हणजे सेकंदाला फूटभराहून थोडं जास्त, तर एका फेऱ्यात मशीन १०-१२ मिमी पुढे जाते. तुमच्या लाटांचं अंतर तेच. म्हणजे दर फेऱ्याला एकदा काहीतरी ठोका देतंय. बहुतेक वेळा कागदाच्या पट्ट्याचा सांधा जाड असतो, किंवा ड्रमवरचं रबर एका बाजूला झिजलेलं, किंवा बेअरिंग ढिलं. चाकावर सपाट भाग असता तर लाट चाकाच्या घेराइतक्या अंतराने आली असती, १०० मिमीच्या चाकाला सुमारे ३१४ मिमी. तसं नाही, म्हणून चाकांकडे बघण्यात वेळ घालवू नका.

फळ्या हलतात हे दुसरं कारण. ड्रमची मशीन सत्तर-ऐंशी किलोची. लवचीक फळीवर तिचा ठोका दुप्पट उमटतो.

आता महत्त्वाचं: त्याच मशीनने त्याच रेषेत परत घासू नका. ड्रम जुन्या लाटेवर चढतो-उतरतो आणि तीच लाट खोल करतो. मशीन दुरुस्त करून आणली तर फळीच्या रेषेला (लाकडाच्या तंतूंच्या दिशेला) ७ ते १५ अंशांचा कोन धरून ६० नंबरच्या कागदाने (आकडा लहान तितका दाणा जाड) एक पूर्ण फेरी, मग सरळ रेषेत ८० नंबर. कोनामुळे ड्रम एकाच वेळी दोन-तीन लाटांच्या माथ्यांवर टेकतो आणि माथे कापले जातात. ४५ अंश मात्र नको. साग आडवा कापला की रेषा तुटते आणि ते ओरखडे काढायला पुन्हा तितकंच काम.

माधवी_वास्तू
माझं मत, ह्या माडीवर ड्रम परत चढवूच नये. कडीपाटाच्या घरात दोन कड्यांमधलं अंतर बऱ्याचदा दोन फुटांच्या आसपास असतं आणि फळ्या जुन्या चौकोनी खिळ्यांवर, तेही ढिले झालेले. आधी फळ्या बसवा. प्रत्येक कडीवर प्रत्येक फळीला दोन स्क्रू, ८ नंबर, दोन इंची. त्याआधी ३ मिमीचं भोक, नाहीतर जुना साग टोकाला फाटतो. डोकं ३ मिमी आत जाईल असं काउंटरसिंक करा. खिळे पंचाने दोन-तीन मिमी खाली ठोका. वर राहिलेला एक खिळा अख्खा पट्टा फाडतो आणि ठिणगी पडली तर भुशाच्या पिशवीत आग लागू शकते.

कडी खालून बघून घ्या. वाळवी किंवा भिंतीत शिरलेलं टोक कुजलेलं असेल तर घासकाम थांबवून आधी तेच करायचं.

आणखी एक. जुन्या घरात फळ्यांच्या कडेला, चौकटींना ऑइल पेंटचे थर असतात. आपल्याकडे रंगातल्या शिशाची ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरूनच चाला. तो रंग कोरडा घासू नका. रिमूव्हर लावून पत्तीने ओला खरवडा, खरवड पिशवीत बांधा, झाडूने उडवू नका. घरात लहान मूल असेल तर ह्यात अजिबात तडजोड नको.

होटगीरोड_९२
सुतार म्हणतो ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून खड्डे आणि कडा दोन तासांत साफ करून देतो. आणि फटी फेव्हिकॉल आणि भुसा कालवून भरतात ना?

पटाशी
ग्राइंडर जमिनीला लावायचाच नाही. मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे, डिस्क एका कडेवर टेकते, डोळ्याची पापणी लवेपर्यंत चंद्रकोरीसारखी खाच पडते. आत्ताचा ०.६ चा खड्डा दीड मिमी होईल. जिना, चौकट, कोपरा, कुठेच नको.

फेव्हिकॉल-भुशाचं मी उत्तर देतो, फटींबद्दल अण्णा बोलतील. पांढरा गोंद लाकडात मुरतो आणि तिथली रंध्रं बंद करतो. पॉलिश लावलं की त्या जागी फिकट डाग उठतो, आणि सुकल्यावर तो गोंद घासायलाही रबरासारखा लागतो, कागद चोंदतो. स्क्रूची आणि खिळ्याची भोकं भरायला १०० नंबरने निघालेला त्याच फळीचा बारीक भुसा आणि पीयूचा सीलर (पॉलिशच्या आधी द्यायचा तळाचा हात) किंवा लाखेचं पातळ पॉलिश, दाट होईपर्यंत कालवा. भोकाच्या थोडं वर राहील इतकं भरा, कारण सुकताना ते खाली बसतं.

पॉलिशवाला_अण्णा
फटींचं ऐका की ओ. साग आडवा आकसतो-फुगतो. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी की लाकडातला ओलावा ५-६ टक्क्यांवर येतो, सप्टेंबरच्या पावसात तोच १३-१४ वर जातो. उभ्या कापाच्या नाही, सपाट कापाच्या फळीला दर टक्क्याला साधारण ०.१९ टक्के फरक धरा. आठ इंच म्हणजे २०० मिमी, आठ टक्के ओलावा फिरला, झाला ३ मिमीचा खेळ. मेमध्ये ३ मिमीची फट गच्च भरली तर सप्टेंबरला फळीला जागा राहत नाही. एकतर भरलेलं उडून खालच्या खोलीत पडतं, नाहीतर फळी उचलते.

दोन मिमीच्या आतल्या फटी तशाच सोडा. खाली कचरा पडतो म्हणून भरायच्याच असतील तर सागाची बारीक पट्टी, वरून किंचित जाड खालून निमुळती, फक्त एका बाजूला गोंद लावून ठोका. दुसरी बाजू मोकळी. दिवाळीनंतर जानेवारीपर्यंत भरलेलं बरं, तेव्हा लाकूड मधल्या ओलाव्यावर असतं.

तोच नियम घासण्याला. पावसाळ्यात फळीच्या कडा उचललेल्या असतात, वाटी झालेली असते. त्या वेळी कडा घासून सपाट केल्या की उन्हाळ्यात मधला भाग वर येतो, आणि मग तो घासा. फळी उगाच पातळ होते. कामाआधी पिनवाला मॉइश्चर मीटर लावा, खोलीत दहा ठिकाणी. आकडे दोन टक्क्यांच्या आत सारखे असले तर सुरू करा. एखाद्या भिंतीजवळ जास्त आला तर वरून गळती शोधा.

कसबा_माडी
मीटरवर ८ ते ९ आलं, सगळीकडे सारखं. ड्रम नको हे पटलं. मग फक्त हाताच्या मशीनने लाटा निघतील का? आणि कडेचे अर्धगोल?

पटाशी
निघतील, वेळ लागेल. पीयू पूर्ण पिकू द्या, निदान सात दिवस. कच्चा थर घासला तर गोळे होऊन कागद भरतो आणि ते गोळेच ओरखडे पाडतात.

मशीन: १५० मिमीची रँडम ऑर्बिटल, ५ मिमी स्ट्रोकची, मागे व्हॅक्यूम. तळाचं पॅड कडक. हे सगळ्यात जास्त चुकतं. मऊ फोमचं पॅड लाटेच्या आत शिरून तिलाच चकचकीत करतं. शिवाय सागात वर्षाच्या कड्यातला सुरुवातीचा भाग मऊ, नंतरचा कठीण. मऊ पॅड आणि झिजलेला कागद मऊ भाग ओरबाडतो, कठीण रेघा उभ्या राहतात. अनवाणी चाललं की पायाला कळतं. त्यावर उपाय एकच, कडक पॅड आणि ताजा कागद. एक डिस्क २०-२५ चौ. फुटांनंतर फेकून द्या, म्हणजे तुमच्या २५२ चौ. फुटांना प्रत्येक नंबरच्या दहा-बारा. इथे काटकसर केली की ओरखड्यांत भरावी लागते.

लाटांसाठी मशीनच्या आधी लांब ठोकळा. दोन-अडीच फुटांची सरळ रंधलेली पट्टी, चार इंच रुंद, तळाला ६० नंबरचा पट्ट्याचा कागद चिकटवलेला, दोन टोकांना मुठी. फळीच्या रेषेला १०-१५ अंशांत ढकला. अडीच फुटांची पट्टी साठ-पासष्ट लाटांच्या माथ्यांवर एकदम टेकते, त्यामुळे खळग्यात जाऊच शकत नाही. पेन्सिलच्या रेघा पुसल्या गेल्या की लाट संपली. ज्याचा हात रंध्यावर बसलाय त्याने पात अगदी बारीक काढून लांब रंधा मारला तर अजून लवकर. गाठीपाशी मात्र पत्तीच.

मग ऑर्बिटल ६०, ८०, १००. मधला नंबर गाळायचा नाही. ६० वरून थेट १०० वर गेलं तर १०० नंबरचा कागद ६० ची रेघ काढत नाही, फक्त तिच्या कडा गोल करतो. सुक्या लाकडावर दिसत नाही, पॉलिश पडलं की दिसते. तुमच्या खुणाही पॉलिश पडल्यावरच दिसल्या. प्रत्येक नंबरनंतर व्हॅक्यूम, मग ओलसर पिळलेल्या फडक्याने पुसणं. मागच्या कागदाचा एक दाणा पॅडखाली राहिला तर वेटोळं उमटतं. खिडकीखाली तेच झालंय, जोडीला मशीन दाबून आणि पळवून चालवली असणार. सेकंदाला इंचभर, स्वतःच्या वजनाने, हाताने दाबायचं नाही. टेकवून मगच सुरू करायची आणि उचलल्यावर बंद.

कडेचे अर्धगोल एजरचे. एजरची डिस्क एका बाजूनेच कापते आणि रेषेला आडवी कापते, म्हणून ८० नंबरच्या एजरचा ओरखडा ८० नंबरच्या ड्रमपेक्षा जास्त दिसतो. ते काढायला ऑर्बिटलने ६० पासून वर या. सात इंचांवर थांबू नका, फळीच्या सांध्यापर्यंत जा. फळीच्या मध्ये काम तोडलं तर तिथे रंगाची सीमा दिसते. कोपरे पोलादी पत्तीने, रेषेच्या दिशेने. पत्तीने पातळ कुरळी साल निघायला हवी. भुसा निघत असेल तर धार गेली.

होटगीरोड_९२
आणि दारापाशीचे खड्डे? ओल्या फडक्यावर इस्त्री फिरवून लाकूड वर येतं म्हणतात.

माधवी_वास्तू
ते दाबलेल्या खळग्याला. वजन पडून तंतू चेपलेले असतात, वाफेने फुगतात. इथे ड्रम जागेवर उभा असताना खाली टेकवलाय, तंतू कापून गेलेत. वाफेने येणार नाहीत.

०.३ चा खड्डा दोन्ही बाजूंना फळीच्या लांबीत दोन-अडीच फूट उतरता करत मिसळवा. ०.६ साठी चार फूट उतार द्या. दर फुटाला ०.१५ मिमी उतार डोळ्याला कळत नाही. खड्ड्याच्या आत घासायचं नाही, आजूबाजूचं उतरवायचं. इंचभर जाडीला हे सहज झेपतं. वाचणाऱ्या इतरांसाठी: नव्या इंजिनिअर्ड फ्लोअरिंगमध्ये वरचा खरा लाकडाचा थर २ ते ४ मिमीच असतो आणि एक पूर्ण घासकाम अर्धा-पाऊण मिमी खातं. तिथे हे करण्याआधी उंबऱ्याची पट्टी काढून थराची जाडी बघा.

कसबा_माडी
खिळ्यांभोवती काळे डाग आहेत, ६० नंबरनेही जात नाहीत. आणि रंग थोडा गडद करावा म्हणतोय. त्याने ओरखडे लपतील का?

पॉलिशवाला_अण्णा
रंगानं लपत नाहीत, उघडे पडतात. ओरखड्यात रंग जास्त बसतो. कडेला आणि मध्ये वेगळ्या नंबरवर थांबलात तर खोलीभर चौकट दिसते. स्टेन लावायचाच असेल तर सगळीकडे १०० वर थांबा, ऑर्बिटलची शेवटची फेरी भिंतीपासून भिंतीपर्यंत एकाच नंबरची, मग पिळलेल्या फडक्यानं सगळी जमीन सारखी ओलसर करा. तंतू उठतात, रंग सारखा बसतो. त्यावर परत घासायचं नाही, आणि पूर्ण सुकल्याशिवाय, निदान पाच-सहा तास, पुढं जायचं नाही. माझं ऐकाल तर जुन्या सागाला स्टेन नकोच.

काळे डाग लोखंड आणि लाकडातल्या टॅनिनचे. ऑक्झॅलिक ॲसिड, लिटरभर गरम पाण्यात ८०-१०० ग्रॅम, ब्रशनं फक्त डागावर नाही तर अख्ख्या फळीवर, नाहीतर फिकट ठिपके राहतात. सुकलं की साध्या पाण्यानं निदान तीनदा धुऊन पुसा. विषारी आहे, हातमोजे-चष्मा हवाच. पांढरी पूड राहिलेली असताना घासलं तर ती नाका-घशात जाते.

सीलर म्हणून लाख चांगली. चपडी लाख स्पिरिटमध्ये, लिटरला १०० ते १५० ग्रॅम, दोन-तीन दिवस ठेवली की मेण तळाशी बसतं. वरचं निथळ तेवढंच घ्या. मेणासकट मारलं तर पीयू सुटतं.

पटाशी
अण्णा, इथे थोडा मतभेद. टू-के पीयूखाली त्याच कंपनीचा पीयू सीलर जास्त खात्रीचा. घरी निथळलेल्या लाखेत मेण किती राहिलं ते कळत नाही, आणि ही चालती जमीन आहे, कपाट नाही. सागाच्या तेलासाठी एवढं करा: शेवटचं व्हॅक्यूम झालं की पांढऱ्या सुती फडक्याला ॲसिटोन किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर लावून पुसा, फडक्यावर पिवळं-तपकिरी उतरेल, आणि तासाभरात सीलर. रात्रभर सोडलं तर तेल परत वर येतं. खिडक्या उघड्या, खालच्या मजल्यावरही गॅस-निरांजन बंद.

पॉलिशवाला_अण्णा
पीयू सीलर घ्यायला माझी ना नाही, खर्च वाढतो एवढंच. पण एक सांगतो, कूलर बंद ठेवा. उन्हाळ्यात लोक घासणाऱ्याला बरं वाटावं म्हणून डेझर्ट कूलर लावतात. ओली हवा खोलीत आली की टू-के पीयूचा हार्डनर त्या ओलाव्याशीच जुळतो, गॅस सुटतो, बुडबुडे धरतात. ते बुडबुडे काढायला पुन्हा २२० नंबर. हात सकाळी सात ते दहा ह्या वेळात मारा. दुपारी ४० अंशांच्या वर रोलर फिरवला की कडा सुकलेली असते आणि जोड दिसतो.

तुमच्या खोलीला एका हाताला अडीच ते तीन लिटर लागेल. हार्डनरचं प्रमाण डब्यावरचंच, अंदाजानं नाही. एकदम सगळं कालवू नका, दीड-दीड लिटर. दोन हातांच्या मध्ये ३२० नंबरनं हलकं, फक्त चकाकी मरेपर्यंत.

माधवी_वास्तू
घासताना किमान एन-९५ मास्क. टू-के पीयू मारताना तो पुरत नाही, सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज असलेला लागतो, कारण हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. दमा असलेल्या माणसाने त्या दिवशी घरात थांबू नये.

खालच्या खोलीत कडीपाटाखाली प्लास्टिक ताणून कडेने टेप लावा, नाहीतर फटींतून भुसा महिनाभर पडत राहतो. व्हॅक्यूमची पिशवी रोज संध्याकाळी घराबाहेर रिकामी करा. पॉलिशचा भुसा पिशवीत दाबून राहिला की आपोआप तापतो. जवसाच्या तेलाची फडकी वापरली असतील तर तीही चुरगाळून टाकू नका, पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात.

कसबा_माडी
क्रम असा लावतोय: फळ्यांना स्क्रू, लांब ठोकळा, ऑर्बिटल ६०, पीयू पूर्ण निघाल्यावर डागांचं ॲसिड, पूर्ण सुकल्यावर मीटर, ऑर्बिटल ८०-१००, थिनरने पुसून सीलर, मग दोन हात. भोकं कधी भरू?

पटाशी
८० झाल्यावर. आधी भरली तर ६० नंबर भरलेलं उचकटतं, १०० नंतर भरली तर भोकाभोवती सीलरची कड राहते. भुसा मात्र १०० चा हवा, तो आधी एका कोपऱ्यात घासून जमा करून ठेवा. मूठभर पुरतो.

आणि सीलरच्या आधी एक रात्र टॉर्च जमिनीला लावून चारही भिंतींकडून बघा. तेव्हा सापडलेला ओरखडा पाच मिनिटांचा असतो.